‘सुटल्यावर बघतो तुला’ : महापालिकेच्या शिक्षण विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी, प्राथमिक शिक्षण विभाग,
आमच्या शहराची महानगरपालिका

सादर नमस्कार.

या पत्रात शहराचं, शाळेचं किंवा कुठल्याही मुलाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. पत्र सगळ्यांनी वाचावं अशी इच्छा आहे, पण त्यामुळे एकाही मुलाकडे कुणी बोट दाखवू नये. कुठल्या शाळेबद्दल लिहिलंय ते आपल्याला लगेच कळेल.

मागच्या शुक्रवारी दुपारी मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या विभागाचं परिपत्रक आलं. दोनच वाक्यांचं. शाळेच्या वेळेत बाहेरच्या व्यक्तींना वर्गात येऊ देऊ नये, आणि ज्यात आम्ही तरुण स्वयंसेवक मुलांना भांडण हाताळायला शिकवतो तो शनिवारचा शांतीचा तास बंद करून तो वेळ शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावाला द्यावा, असं त्यात आहे. आम्हाला ते कुणी कळवलं नाही. शनिवारी सकाळी आम्ही चौघं नेहमीसारखे शाळेत पोचलो, तेव्हा वॉचमनकाकांनी गेट अर्धंच उघडलं आणि खाली बघत म्हणाले, ‘ताई, आजपासून नाही.’ वरच्या मजल्यावर सहावीची मुलं खिडकीच्या जाळीला नाक लावून उभी होती. आम्हीच रागावून परत चाललोय असं त्यांना वाटलं. हे मला नंतर त्यांच्यातल्या एकाच्या आईने भाजी घेताना सांगितलं, आणि तेव्हाच हे पत्र लिहायचं ठरवलं.

आम्ही एकोणीस जण आहोत. वयं एकोणीस ते सव्वीस. कुणी बी.एड. करतंय, कुणी डिलिव्हरीचं काम करतं, एक जण आयटीआयमध्ये शिकवतो, मी सोमवार ते शुक्रवार एका सीएंच्या ऑफिसात असते. आमच्यातले बहुतेक जण कॉलेजातल्या एनएसएसमधून, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेतून, या कामात आले. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. आमचे तास केव्हाच भरले, प्रमाणपत्रंही मिळाली, तरी आम्ही येत राहिलो. मानधन नाही, प्रवासखर्च नाही, आणि तो आम्ही कधी मागितलाही नाही. तीन वर्षं दर शनिवारी महापालिकेच्या सहा शाळांत, पाचवी ते सातवीच्या मुलांना आम्ही भांडण हाताळायला शिकवत होतो.

मी या कामात का आले, ते आधी सांगते.

माझा धाकटा भाऊ आठवीत होता. त्याची कंपासपेटी मित्राच्या हातून फुटली. भावाने रागात मित्राला आईवरून शिवी दिली. मित्राने त्याला ढकललं. शाळेने दोघांच्या आईवडिलांना बोलावलं, दोघांकडून ‘पुन्हा असे करणार नाही’ असं कागदावर लिहून सही घेतली, हातात हात द्यायला लावले. माझे पप्पा घरी येऊन म्हणाले, ‘मिटलं.’ चार दिवसांनी शाळा सुटल्यावर गेटबाहेर, वडापावच्या गाडीजवळ, त्या मित्राचा चुलतभाऊ आणि त्याचे तीन दोस्त उभे होते. पट्ट्याचं बक्कल लागून माझ्या भावाच्या भुवईवर सात टाके पडले. त्या जागी आजही केस उगवत नाहीत. तो चुलतभाऊ एकोणीस वर्षांचा होता. त्याच्यावर केस झाली आणि हातातलं काम गेलं. मित्राला त्याच्या वडिलांनी गावी पाठवून दिलं. पहिलीपासून एका डब्यात जेवलेली ती दोन मुलं पुन्हा एकमेकांना भेटली नाहीत.

त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसले असताना, मारणारा कुठल्या समाजाचा होता, हे मला सात जणांनी विचारलं. भांडण कशावरून झालं, हे एकानेही विचारलं नाही.

साहेब, आपण शाळांमध्ये भांडणं ‘मिटवतो’, म्हणजे नेमकं काय करतो, याचा विचार मी तेव्हापासून करतेय. आपल्याकडे मिटवामिटवी फार पटकन होते. मोठ्या माणसाचा आवाज चढला, दोघांनी माना खाली घातल्या, की मिटलं. आत दोघांनाही वाटत असतं की आपलं कुणी ऐकलंच नाही. ते न ऐकलेलं मग गेटबाहेर जातं. ‘सुटल्यावर बघतो तुला’ हे वाक्य आपल्या शाळांत रोज कितीदा बोललं जातं, ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. शाळेच्या हद्दीत भांडायला बंदी आहे, आणि भांडण सोडवायला जागा नाही, म्हणून मुलं ते हद्दीबाहेर नेतात. बाहेर त्याला मोठी पोरं मिळतात, मोबाइल मिळतो, गल्ली मिळते.

बाहेर गेलेलं भांडण कुठवर जातं, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. जानेवारी २०१३ मध्ये धुळ्यात एका हॉटेलातल्या बिलावरून बाचाबाची झाली. तिची दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही जणांनी मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसवरून शहर पेटलं, इंटरनेट बंद करावं लागलं. राग आला की पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं, हे त्या गर्दीतल्या पोरांना शाळेत कुणी शिकवलं होतं का? भागाकार शिकवला, संधी-समास शिकवले. हे नाही शिकवलं.

आता तासात आम्ही काय करायचो ते. परिपत्रकात ‘अवांतर उपक्रम’ असा एक शब्द वापरलाय आणि त्यातून काहीच कळत नाही.

बाकं बाजूला सरकवून मुलं गोल बसतात. मध्ये एक दगड असतो, नदीतला, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढा. ज्याच्या हातात दगड तोच बोलणार, बाकीचे ऐकणार. पहिले दोन महिने मुलांना फक्त एवढंच जमत नाही. साठ सेकंद न अडवता दुसऱ्याचं ऐकणं हे पाचवीच्या मुलाला जितकं अवघड जातं तितकंच मला स्वतःला प्रशिक्षणात गेलं होतं. मग पुढची पायरी: समोरचा काय म्हणाला ते आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं, आणि तो ‘हो, असंच’ म्हणेपर्यंत सांगत राहायचं. तोपर्यंत आपली बाजू मांडायची नाही. मग राग अंगात कुठे येतो ते ओळखायचं. एक मुलगा म्हणाला, ‘माझे कान गरम होतात.’ आता त्याचे मित्रच त्याला सांगतात, ‘तुझे कान लाल झालेत, जा पाणी पिऊन ये.’ मग ‘तू नेहमी असंच करतोस’ या वाक्याऐवजी ‘तू पेन न विचारता घेतलंस तेव्हा मला राग आला, कारण पेपर सुरू होता’ असं वाक्य जुळवायचं. मराठी वाचनाच्या तासाला जसं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बसतं, तसंच हेही बसतं.

सहावी-सातवीतून दर वर्षी सोळा मुलामुलींच्या आठ समेटजोड्या निवडल्या जातात. भांडणाऱ्या दोघांसोबत बसून त्यांचं ऐकायचं, हे त्यांचं काम. मुलंच मुलांना निवडतात. वर्गातली सगळ्यात शहाणी मुलं निवडली जातील असं आम्हाला वाटलं होतं. पण दर वर्षी दोन-तीन तरी अशी निवडली जातात ज्यांनी स्वतः भरपूर मारामाऱ्या केल्यात, आणि तीच सर्वांत चांगलं काम करतात. त्यांच्या दंडावर हिरवी पट्टी असते. त्यांचे नियम पक्के आहेत. दोन्ही बाजू आपणहून आल्या तरच बसायचं. चूक कुणाची हे ठरवायचं नाही. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. आणि चौथा नियम आम्ही सर्वांत जास्त वेळा घोकून घेतो: कुणी कुणाला सारखं छळत असेल, मार लागला असेल, कुणाकडे धारदार वस्तू दिसली, किंवा कुणी नको तिथे हात लावल्याचं कुणी सांगितलं, तर तिथे समेट करायचा नाही, बसून बोलायचं नाही, सरळ बाईंकडे जायचं, त्याच क्षणी. बरोबरीच्या दोघांचं भांडण आणि एकाने दुसऱ्यावर केलेला अन्याय यांतला फरक त्या मुलांना कळतो. पुष्कळ मोठ्यांना कळत नाही असं मी बघितलंय.

एक गोष्ट सविस्तर सांगते.

आमच्या शाळेच्या इमारतीत खाली मराठी माध्यमाची शाळा आहे, वर उर्दू माध्यमाची. गेट एक, मैदान एक, पाण्याची टाकी एक. तिला चार नळ, त्यातला एक नीट चालतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही आलो तेव्हा मधल्या सुट्टीत नळाजवळ रोज ढकलाढकली व्हायची. डबे सांडायचे, शर्ट फाटायचे. ‘वरचे’ आणि ‘खालचे’ असे दोन पक्षच होते. शिक्षक थकले होते. एकदा वर्गांच्या वेळा वेगळ्या केल्या, एकदा नळावर एक सर उभे केले. पालकांत बोललं जाई, ते मी इथे लिहिणार नाही. कुठल्या दिशेने बोललं जाई ते आपण जाणता.

दुसऱ्या वर्षी एक समेटजोडी या भांडणात बसली. खालची सातवीतली एक मुलगी आणि वरचा सातवीतला एक मुलगा. जागा ठरली जिन्याचं वळण, कारण ती ना वरची ना खालची. दोन दिवस मधल्या सुट्टीत डबा घेऊन ती जोडी तिथे बसली, आणि दोन्हीकडच्या चार-चार मुलांचं ऐकलं. खालची मुलं म्हणाली, ‘हे लोक लाइन तोडतात.’ वरची म्हणाली, ‘हम आते हैं तब तक लाइन गेट तक पोचलेली असते, मग पाणी मिळतच नाही.’ मग त्या मुलीने विचारलं, तुम्ही इतक्या उशिरा का येता? आणि उत्तर आलं: घंटा ऐकू येत नाही म्हणून. घंटा खालच्या व्हरांड्यात टांगलेली आहे. वरच्या टोकाच्या तीन वर्गांत ती पोचतच नाही. खालची मुलं धावताना दिसली की वरची उठायची. तेवढ्यात पाच मिनिटं गेलेली.

मुलांनी ठरवलं की खालच्या शाळेतल्या एकाने मधल्या सुट्टीची घंटा झाली की जिना चढून वर जायचं आणि छोटी पितळी घंटा वाजवायची. आठवड्याला पाळी बदलायची. ती घंटा एका मुलाच्या आजीने देवघरातली दिली. नळाजवळची ढकलाढकली एकदम बंद झाली असं मी म्हणणार नाही, पण ‘वरचे-खालचे’ हे शब्द मागे पडले. मोठी माणसं इतकी वर्षं ज्याला दोन समाजांचं भांडण समजत होती, ते एका ऐकू न येणाऱ्या घंटेचं भांडण होतं, आणि ते बारा वर्षांच्या दोन मुलांनी शोधलं. तेव्हापासून शाळेत कुणाचं काही बिनसलं की मुलं एकमेकांना म्हणतात, ‘चल वळणावर.’ पूर्वी तिथेच ‘सुटल्यावर बघतो’ म्हणायची.

हे बंद झालंय, साहेब. म्हणून माझ्या तक्रारी लिहिते.

पहिली तक्रार अशी की कुणालाच विचारलं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे महापालिकेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आमच्या शाळेच्या समितीपुढे हा विषय आलाच नाही. मुख्याध्यापिका बाईंनाही तो फोनवरच कळला. तीन वर्षं चाललेलं काम थांबवताना त्या वर्गात एकदा तरी येऊन बसावं असं आपल्या विभागातल्या कुणालाही वाटलं नाही, याचं आम्हाला सर्वांत जास्त दुःख आहे. आम्ही दर सत्राच्या शेवटी अहवाल आणि भेटीचं आमंत्रण देत होतो. आवक क्रमांकाच्या पाच पावत्या माझ्याकडे आहेत.

दुसरी ‘बाहेरील व्यक्ती’ या शब्दांबद्दल, आणि इथे मला नीट बोलायचंय, कारण यामागची काळजी खरी आहे. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर राज्यातल्या प्रत्येक आईच्या पोटात गोळा आला. शाळेत कोण येतं-जातं यावर कडक नजर हवी, ही मागणी आमचीही आहे. मग आमची पोलीस पडताळणी मागा. आमच्यातल्या अकरा जणांनी ती आपणहून करून घेतलीय, बाकीचे पंधरा दिवसांत करतील. आम्ही आजवर एकदाही वर्गशिक्षकाशिवाय तास घेतलेला नाही. दार उघडं असतं. नेहमी एक ताई आणि एक दादा अशी जोडी असते. कुठल्याही मुलाला आम्ही आपला फोन नंबर देत नाही. यात आणखी दहा अटी घाला, आम्ही पाळू. पण आम्हाला बाहेर काढल्याने मुलं जास्त सुरक्षित होतात, हे मला पटत नाही. आमच्या गोलात बसून, हातात दगड धरून, पाचवीतल्या एका मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. चौथ्या नियमाप्रमाणे त्याच तासाला ते बाईंपर्यंत गेलं आणि पुढे जे व्हायला हवं ते झालं. सीसीटीव्ही हवाच. पण कॅमेऱ्याला कुणी काही सांगत नाही.

या बाबतीत आमची एक चूक झाली, ती मी लपवणार नाही. मागच्या वर्षी आमच्यातल्या एका दादाने मुलांचे चेहरे दिसतील असा फोटो स्वतःच्या खात्यावर टाकला. परवानगी नव्हती. मुख्याध्यापिका बाईंनी सांगताच तो काढला, लेखी माफी दिली, आणि तेव्हापासून वर्गात आमचे मोबाइल बाईंच्या टेबलावर ठेवले जातात. या चुकीबद्दल आम्हाला जाब विचारा.

तिसरी तक्रार: परिपाठात मूल्यशिक्षण असतंच, वेगळा तास कशाला, असं आपल्या कार्यालयातून तोंडी सांगण्यात आलं. परिपाठाला माझा विरोध नाही. मीही दहा वर्षं रोज सकाळी रांगेत उभी राहून ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ म्हटलंय, आणि ते मला आवडतं. पण बांधवाने आपली कंपासपेटी फोडली तर त्याच्याशी काय बोलायचं, हे प्रतिज्ञेत येत नाही. खो-खोचे नियम फळ्यावर लिहून दिले म्हणून कुणाला खो देता येत नाही. पायात वेग यायला मैदानावर धावावंच लागतं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी एनसीईआरटीने जे राष्ट्रीय गट नेमले होते, त्यातला एक गट केवळ शांततेच्या शिक्षणावर होता. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं की मूल भयमुक्त असावं आणि त्याला आपलं मत मोकळेपणाने मांडता यावं. त्याच कायद्याच्या कलम १७ ने मारायला आणि मानसिक छळाला बंदी केली. छडी गेली, फार चांगलं झालं. पण तिच्या जागी शाळेच्या हातात काय दिलं? पन्नास मुलांचा वर्ग, निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, एवढं सगळं सांभाळणाऱ्या बाईंनी प्रत्येक भांडण अर्धा तास बसून ऐकायचं कधी? त्या कागदावर सही घेतात, कारण त्यांना दुसरं काही करायला वेळच दिलेला नाही. आम्ही त्यांच्या जागेवर आलो नव्हतो, त्यांच्या मदतीला आलो होतो.

शिष्यवृत्तीच्या सरावाबद्दल थोडक्यात: सरावाला विरोध नाही. आठवड्याला चाळीस मिनिटं गेल्याने शिष्यवृत्ती जात असेल तर आम्ही मधल्या सुट्टीनंतरची, शाळा सुटल्यानंतरची, कुठलीही वेळ घेऊ. हा पर्याय आम्हाला विचारला असता तर त्याच दिवशी हो म्हटलं असतं.

चौथी तक्रार सगळ्यात जड आहे. शनिवारचा तास हा त्या इमारतीतला एकच तास होता ज्यात वरची आणि खालची मुलं एकत्र बसायची. आता आठवड्यातले सगळे तास वेगळे आहेत. भिवंडीचं उदाहरण आपल्याला माहीत असेल. तिथे १९७० मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये मोठ्या दंगली झाल्या. नंतर तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या: त्याच गल्लीतले दोन्ही समाजांचे साधे लोक, पोलिसांसोबत नियमित बसणारे, दंगल नसतानाही बसणारे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्यांत ९०० जण मारले गेल्याची नोंद आहे. भिवंडी त्या वेळी शांत राहिली. एकमेकांची नावं आणि घरं माहीत असलेली माणसं आधीच तयार होती म्हणून. मुंबईत मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या त्या माणसं गेल्यानंतर. आमच्या जिन्याच्या वळणावर बसणारी मुलं म्हणजे तशीच कमिटी आहे, आणि ती आधीच तयार होत होती.

गावांसाठी आपण हे मान्य केलेलं आहे. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती नेमायची, बांधावरचे आणि वाटणीचे तंटे गावातच समजुतीने सोडवायचे, आणि चांगलं काम करणाऱ्या गावाला बक्षीस. मोठ्यांच्या तंट्यांना समिती आणि बक्षीस मिळालं. पोरांच्या तंट्यांना एक चाळीस मिनिटांचा तास मिळू नये?

तरुणच कशाला, अनुभवी समुपदेशक नेमता येतील, असंही कुणी म्हणेल. जरूर नेमा, प्रत्येक शाळेला एक द्या, आम्ही त्यांच्या हाताखाली काम करू. पण आमच्या वयालाही एक किंमत आहे. मी सहावीच्या मुलापेक्षा अकरा वर्षांनी मोठी आहे. त्याच्या मोठ्या बहिणीएवढी. त्याचा गेम मला माहीत असतो, त्याच्या ग्रुपवर कुठलं मीम फिरतंय ते कळतं, आणि ‘खुन्नस’ म्हणजे काय हे मला विचारावं लागत नाही. खालची मुलं मला ताई म्हणतात, वरची बाजी म्हणतात. १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीन हेवन तुरुंगातल्या कैद्यांनी क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांकडे मदत मागितली होती, ती यासाठी की वाट चुकू लागलेल्या तरुण पोरांशी कसं बोलावं, हे त्यांना शिकायचं होतं. त्यातून हिंसेला पर्याय शिकवणाऱ्या कार्यशाळा उभ्या राहिल्या आणि पुढे कितीतरी देशांत गेल्या. १९९० च्या दशकात हार्वर्डचे विद्यार्थी बोस्टनच्या शाळांत जाऊन खेळांतून हेच शिकवू लागले. आम्हाला प्रशिक्षण देणाऱ्या ताईंनी या दोन्ही गोष्टी सांगितल्या तेव्हा मला भावाच्या मित्राचा तो चुलतभाऊ आठवला. त्याला आठवीत कुणी वळणावर बसवलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तो आता एका गॅरेजमध्ये काम करतो. गेल्या वर्षी मी त्याला भेटले आणि आमच्या तासाबद्दल सांगितलं. तो म्हणाला, ‘मला पण शिकव. मी येईन पोरांना सांगायला.’ नियमांमुळे त्याला शाळेत आणता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण तो यायला तयार आहे.

पाचवी आणि शेवटची तक्रार पट्ट्यांची. परिपत्रकानंतर सोमवारी समेटजोड्यांच्या दंडावरच्या हिरव्या पट्ट्या काढून घेतल्या गेल्या. सोळा मुलांनी रांगेत येऊन त्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी काहीही चूक केलेली नव्हती. एकीने घरी जाऊन विचारलं, ‘आम्ही कुणाचं भांडण बिघडवलं का?’ बंदी आमच्यावर होती. मुलांच्या पट्ट्या काढायची काय गरज होती, याचं उत्तर निदान त्या सोळा जणांना मिळायला हवं.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

परिपत्रकातला आमच्या तासाबद्दलचा भाग या सत्रापुरता स्थगित करावा. स्वयंसेवकांसाठी लेखी अटी ठरवाव्यात, पोलीस पडताळणी, ओळखपत्र, वर्गशिक्षकांची हजेरी, मोबाइलबंदी यांसह, आणि अट मोडणाऱ्याला कायमचं बंद करावं, त्यात आमचा कुणीही असो. आठवड्यात एक तास, दोन्ही माध्यमांच्या मुलांचा एकत्र, वेळापत्रकात छापून द्यावा. प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आम्ही जे शिकलो ते शिकवण्याची सोय करावी, म्हणजे उद्या आम्ही नसलो तरी काम थांबणार नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी एक बैठक घ्यावी, ज्यात सहाही शाळांचे मुख्याध्यापक, व्यवस्थापन समित्यांमधले पालक आणि आम्ही असू. या बैठकीत आम्हाला प्रश्न विचारावेत, कितीही कडक. आम्ही गोल बसायचा आग्रह धरणार नाही, टेबलाच्या पलीकडे उभे राहून उत्तरं देऊ.

या निवेदनाची छापील प्रत, पालकांच्या सह्यांसह, सोमवारी आवक विभागात देत आहे.

एक मागणी मात्र बैठकीपर्यंत थांबू शकत नाही, आणि तिला कुठल्याही परवानगीची गरज नाही. पट्ट्यांसोबत ती पितळी घंटाही मुख्याध्यापकांच्या कपाटात गेली आहे. वरच्या तीन वर्गांना मधली सुट्टी झाल्याचं गेल्या आठवड्यापासून पुन्हा ऐकू येत नाही. निदान ती घंटा उद्या त्या मुलांना परत द्यायला सांगा.

आपली नम्र,
शनिवारच्या तासाची एक ताई
(वरच्या मजल्यावर बाजी)